दोरी उचलायची राहिली

क्लिफर्ड ऑर्मरॉडने सव्वीस वर्षं स्वतःच्या बायकोच्या अंगाभोवती सुऱ्या फेकल्या आणि तिला साधा ओरखडा उमटला नाही. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. ग्लेनिसच सांगायची, आणि तेही कौतुकाने नव्हे. "सुरी नेमकी लागते याची," ती शेजारणीला म्हणायची, "पण दुधाची बाटली फ्रीजमध्ये ठेवताना याचा नेम कुठं जातो कोण जाणे."

ग्लेनिसचे गुडघे गेले तेव्हा सुऱ्या फेकायचं थांबलं. मग क्लिफर्ड तीन सुऱ्या हवेत झेलत एका मोकळ्या शिडीवर चढायला लागला. शिडी कशालाही टेकलेली नसायची. पूर्वी तिला अकरा पायऱ्या होत्या, आता पाचच. वय एकोणसत्तर, पाठ त्याहून म्हातारी. जाहिरातीच्या फळीवर मात्र अजून 'महान ऑर्मंडो' असंच लिहिलेलं होतं, आणि त्यातला 'न' समुद्राच्या वाऱ्याने अर्धा खाल्ला होता.

इंग्लंडमधल्या मोरकँबच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, जुना धक्का जिथं होता तिथं, त्याची जागा होती. धक्क्यावरच्या थिएटरात तो एके काळी नोकरीला होता, कुत्र्यांच्या खेळानंतर आणि गाणाऱ्या बाईच्या आधी. धक्का गेला, थिएटर गेलं, गाणारी बाई एका दंतवैद्याशी लग्न करून गेली. क्लिफर्ड तिथंच राहिला, फक्त छताखालून उघड्यावर आला. मे ते सप्टेंबर, सकाळी अकराला एक खेळ आणि दुपारी दोनला दुसरा.

उघड्यावर खेळ करायचा तर कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, एक कागद दाखवावा लागतो. तुमच्या खेळामुळे बघणाऱ्या कुणाला इजा झाली तर भरपाई विमा कंपनी देईल, असा तो कागद. तो असेल तर जागा, नसेल तर घरी बसा. क्लिफर्डने तो प्लॅस्टिकमध्ये बंद करून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता, दुसरा एखादा माणूस आईचा फोटो लावेल तसा. त्यावर एक कोटी पौंडाचा आकडा होता. ग्लेनिसला त्या आकड्याचं फार हसू यायचं. "एक कोटीचा माणूस," ती म्हणायची, "आणि मोज्याला भोक."

दर मार्चमध्ये त्या कागदासाठी अर्ज भरायचा असे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ग्लेनिस प्रश्न वाचायची, क्लिफर्ड लिहायचा.

"धोक्याचं सामान?"

"सुऱ्या तीन. शिडी एक. चिनी मातीच्या बश्या आठ, त्या फिरवायच्या काठ्या आठ."

"विस्तव?"

"विस्तव नाही."

"प्राणी?"

"तूच."

"आजवर कुणाला इजा?"

"नाही," असं तो लिहायचा, आणि हे 'नाही' लिहिताना त्याचं अक्षर जरा मोठं यायचं. एक्केचाळीस वर्षांत एक्केचाळीस वेळा त्याने ते लिहिलं होतं. आयुष्यात मिरवण्यासारखं दुसरं फारसं काही हाती लागलं नव्हतं, पण आपल्यामुळे कुणाच्या रक्ताचा थेंब सांडला नाही, ही गोष्ट तो मनात जपून होता.

त्या यादीत एक वस्तू कधीच आली नाही. ती म्हणजे दोरी.

रस्त्यावरच्या खेळवाल्याला दोरी लागते. जाड, पांढरी, सुती, बारा-पंधरा हात लांब. ती जमिनीवर अर्धगोल टाकायची आणि आपण आत उभं राहायचं. कुणाला काही सांगावं लागत नाही. लोक येतात, दोरीला पायाची बोटं लावून उभे राहतात आणि एक पाऊलही पुढं टाकत नाहीत. दोरी नसेल तर तेच लोक लांब भिंतीला टेकून उभे राहतात, आणि लांब उभ्या माणसाचा हात खिशात जात नाही. क्लिफर्डला हे सेप्टिमस हॅल्सॉल नावाच्या म्हाताऱ्याने शिकवलं होतं. त्याचा एकच नियम होता, आणि तो सांगताना म्हातारा बोट नाचवायचा: दोरी सगळ्यात शेवटी टाकायची, आणि खेळ संपला की सगळ्यात आधी उचलायची. पैसे गोळा करायची टोपी नंतर.

दोरीमुळे क्लिफर्डला आणखी एक सवय लागली. खेळ करताना त्याला माणसांचे चेहरे फारसे दिसायचे नाहीत, डोळे वर सुऱ्यांवर असत. पण सुऱ्या खाली येत तेव्हा नजरही खाली येई, आणि दोरीशी लागलेले बूट दिसत. नेहमीच्या लोकांना तो बुटांवरूनच ओळखायचा.

दोरीच्या मधोमध, अकरा उन्हाळे, दुपारच्या खेळाला तपकिरी रंगाचे, रुंद, चिकटपट्टीचे बूट असत. ते मिसेस थ्रेलफॉल यांचे. वय त्र्याऐंशी. नवरा गेल्यावर त्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. दीड वाजताच घडीची खुर्ची घेऊन येत, म्हणजे मधली जागा दुसरं कुणी घेऊ नये. खेळ पाठ होता त्यांना. क्लिफर्ड मुद्दाम एक बशी पडू द्यायचा तेव्हा त्या आजूबाजूच्यांना आधीच सांगून टाकत, "आता पडेल बघा. मुद्दाम पाडतो मेला." क्लिफर्डला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

"मिसेस थ्रेलफॉल, माझं पोट आहे यावर."

"अरे, मग नवीन काही तरी कर ना, क्लिफ. मी मरायच्या आत एकदा तरी मला फसव."

अकरा वर्षांत त्याने त्यांना 'मिसेस थ्रेलफॉल' म्हणायचं सोडलं नाही आणि त्या त्याला 'क्लिफ'शिवाय दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

जुलैतल्या एका गुरुवारी सकाळचा खेळ संपला. वारा वाईट होता. शिडीवर तोल सांभाळताना कमरेत उसण भरली होती. टोपी फिरवून झाली, सुऱ्या पेटीत गेल्या, शिडी मिटली. दोरी राहिली. क्लिफर्ड तिच्याकडे बघत उभा राहिला. वाकायचं, गुंडाळायची, आणि दोन तासांनी पुन्हा वाकून तिथंच टाकायची. त्याच्या अगदी जिवावर आलं. राहू दे, म्हणाला, दोनला लागणारच आहे. आणि पेटी ओढत समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसला.

त्या किनाऱ्यावर वारा सुटला की वाळू रस्त्यावर येते. तासाभरात पांढरी दोरी वाळूखाली दिसेनाशी झाली.

मिसेस थ्रेलफॉल दीड वाजता आल्या. क्लिफर्डला काचेतून त्यांची खुर्ची दिसली, मग खुर्ची दिसेना, आणि दोन बायका धावताना दिसल्या. तो पोचला तेव्हा त्या कुशीवर पडल्या होत्या, चेहरा पांढराफटक, आणि बुटाचं टोक वाळूतून वर आलेल्या दोरीत अडकलेलं होतं.

"क्लिफ," त्या म्हणाल्या, "माझी खुर्ची मोडली का रे?"

"नाही मोडली, मिसेस थ्रेलफॉल."

"मग बरं. सेलमध्ये घेतली होती."

कुणी तरी फोन केला, कुणी कोट काढून अंगावर घातला. रुग्णवाहिका येईपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत क्लिफर्डने आणखी एक गोष्ट केली. त्याने त्यांचा पाय हळूच सोडवला आणि दोरी गुंडाळून पेटीत टाकली. हात आपोआप चालले. झाकण बंद करताना समोर तो प्लॅस्टिकमधला कागद आला, तेव्हा कुठं आपण काय केलं ते त्याला उमगलं. दोरी आता कुणालाच दिसणार नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की दुपारचा खेळ न करताच तो घरी गेला.

ग्लेनिसने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "सव्वीस वर्षं मी सुऱ्यांसमोर उभी राहिले," ती म्हणाली, "आणि बाई पडली ती दोरीवरून."

खुब्याचं हाड मोडलं होतं. क्लिफर्डने दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन करून एक प्रेक्षक पडल्याचं कळवलं, तसा नियमच होता. मग त्याने कलावंतांच्या संघटनेत फोन लावला. तिथल्या बाईने आडपडदा ठेवला नाही.

"हे बघा, त्यांनी दावा केला आणि चूक तुमची ठरली, तर पैसे कंपनी देणार. तुमच्या खिशाला झळ नाही. विमा असतोच त्यासाठी."

"मग चांगलंच आहे की."

"पुढचं ऐका. तुम्ही एकोणसत्तरचे. शिडी, सुऱ्या. आतापर्यंत एकही दावा नाही म्हणून कंपनी डोळेझाक करत होती. आता एक दावा झाला, की मार्चमध्ये तुम्हाला कोण विमा देईल? मला तरी कुणी दिसत नाही."

चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. जखमी व्यक्तीशी अपघाताबद्दल बोलू नये, चूक कबूल करू नये, दिलगिरी व्यक्त करू नये. क्लिफर्डने ते दोनदा वाचलं. या देशात समोरच्याने आपल्या पायावर पाय दिला तरी आपणच 'सॉरी' म्हणतो. दुकानाच्या दाराला धक्का लागला तर दाराची माफी मागणारी माणसं आम्ही. आणि आता एका म्हातारीचं हाड मोडल्यावर तेवढं म्हणायचं नाही. कुठल्या शहाण्याने लिहिलं असेल हे, त्याचा पाय एकदा दोरीत अडकायला हवा होता.

तो इस्पितळात गेला. लोण्यात मुरवलेल्या कोळंबीची छोटी बरणी नेली, त्यांना ती आवडायची. पलंगाशेजारी बसला. 'सॉरी' ओठांपर्यंत येत होतं आणि तो ते गिळत होता.

"घसा दुखतोय का तुझा?" मिसेस थ्रेलफॉल म्हणाल्या.

"नाही."

"मग असा काय गिळतोयस मघापासून? बोल ना."

"कंपनीने बोलायला मनाई केलीय, मिसेस थ्रेलफॉल."

"हं." त्यांनी बरणी उघडली, बोटानेच थोडं लोणी चाखलं. मग म्हणाल्या, "माझी भाची प्रेस्टनला वृद्धाश्रम बघतेय. म्हणते, मावशी, आता दुसरा मजला विसर. जिन्यावरून नेणारी खुर्ची बसवायची तर केवढा खर्च. कौन्सिलच्या यादीत नाव घातलं तर तीन वर्षं. तीन वर्षं कुणाकडे आहेत?"

क्लिफर्डने बरणीचं झाकण उचलून बाजूला ठेवलं.

"तुझा कागदवाला माणूस उद्या येतोय माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "मी बघते काय ते. तू खेळ चालू ठेव. चेहरा असा केलास तर लोक टोपीत बटणं टाकतील."

विमा कंपनीचा हा कागदवाला माणूस पुढच्या आठवड्यात क्लिफर्डच्या स्वयंपाकघरात आला. ब्रेसवेल त्याचं नाव. पन्नाशीचा, चष्म्याखाली डोळे सुजलेले, दिवसात अशी पाच घरं करणारा. ग्लेनिसने चहा आणि आल्याची बिस्किटं ठेवली. त्याने बिस्कीट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि त्याने फक्त एक उसासा सोडला.

"तुमचं प्रकरण सोपं आहे, मिस्टर ऑर्मरॉड," तो म्हणाला. "असं प्रकरण महिन्यात एखादं मिळतं, मला बरं वाटतं. बाईंनी लेखी दिलंय. त्या स्वतःच पडल्या. बुटाची नाडी सुटली होती, तिच्यावर पाय पडला. तुमच्या कुठल्याही सामानाला त्यांचा स्पर्श झाला नाही. दावा नाही. तुम्ही फक्त इथं लिहा, की तुम्हालाही तेच ठाऊक आहे. संपलं."

त्याने कागद पुढं सरकवला आणि पेन त्यावर ठेवलं.

क्लिफर्डला आधी वाटला तो सुटल्याचा आनंद, हे लपवण्यात अर्थ नाही. मार्च महिना, टेबल, अर्ज, मोठ्या अक्षरातलं 'नाही', सगळं एका क्षणात परत जागेवर आलं. ग्लेनिसने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याला तिच्या बोलण्यापेक्षा ती खूण जास्त कळायची, सव्वीस वर्षं दोघांचं काम तशा खुणांवरच चाललं होतं. तिचा अर्थ स्पष्ट होता: सही कर.

त्याने पेन उचललं. मग परत ठेवलं.

"त्यांच्या बुटाला नाडी नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"चिकटपट्टी आहे. तपकिरी बूट, रुंद टोकाचे. डाव्याची पट्टी जरा फाटलीय. अकरा वर्षं ते बूट माझ्या दोरीला लागून असतात. नाडीचे बूट त्यांनी कधी घातलेच नाहीत. त्यांना वाकता येत नाही."

ब्रेसवेलने चष्मा काढला. "मिस्टर ऑर्मरॉड, मी हे ऐकलं नाही असं म्हणू शकतो. बाईंची सही आहे. मला आज अजून दोन घरं आहेत."

"कुठली दोरी, असं विचारा."

"विचारायलाच हवं का?"

"क्लिफर्ड," ग्लेनिस म्हणाली, आणि ती त्याचं पूर्ण नाव वर्षातून एकदा घ्यायची.

"मी दोरी उचलली नाही," क्लिफर्ड म्हणाला. "खेळ झाल्यावर उचलायची असते. एक्केचाळीस वर्षं उचलली. त्या दिवशी वाकायचा कंटाळा आला. बाकी काही नाही, नुसता कंटाळा. वाळूत ती दिसेनाशी झाली आणि त्या तिच्यात अडकून पडल्या. मग मी ती गुंडाळून लपवली. हे पण लिहा."

ब्रेसवेलने चष्मा परत घातला आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता तो म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे ना, मार्चमध्ये काय होईल?"

"माहीत आहे."

"मग का?"

क्लिफर्डने विचार केला. "दुसरा मजला आहे हो त्यांचा," तो म्हणाला.

ब्रेसवेल गेल्यावर ग्लेनिसने कप विसळले. पाठमोरीच म्हणाली, "मला वाटलं होतं तू सही करशील."

"मलाही वाटलं होतं."

"मूर्ख आहेस." तिने नळ बंद केला. "बस. पाठीला शेक देते."

मिसेस थ्रेलफॉल यांना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर त्याला यथेच्छ झोडपलं. "सबंध आयुष्यात एकदा खोटं बोलले रे मी! चर्चच्या रविवारच्या शाळेपासून एकदाच! आणि तू ते वाया घालवलंस? आता दोनला मी काय भिंतीकडे बघू?"

"सॉरी, मिसेस थ्रेलफॉल," क्लिफर्ड म्हणाला. आता म्हणायला हरकत नव्हती.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि फोन ठेवला गेला.

भाचीने दावा लावला आणि तो मंजूर झाला. ख्रिसमसच्या आधी त्यांच्या जिन्याला सरकती खुर्ची बसली आणि प्रेस्टनचा विषय मिटला. मार्चमध्ये क्लिफर्डने अर्ज भरला. ग्लेनिसने प्रश्न वाचले. "आजवर कुणाला इजा?" यावर त्याने थोडं थांबून "हो, एक" असं लिहिलं, नेहमीच्या अक्षरात. धोक्याच्या सामानात सगळ्यात वर दोरी लिहिली. तीन आठवड्यांनी नकार आला, मग दुसऱ्या कंपनीचा, मग तिसरीचा. तिसरं पत्र त्याने उघडलं नाही, पातळ पाकिटावरूनच नकार कळला. पेटीच्या झाकणाचा तो जुना कागद त्याने काढला, तर खालचा चौकोन नवाकोरा, उजळ निघाला. त्याने पेटी जिन्याखाली ठेवून दिली.

मे महिन्यात एका दुपारी तो आणि मिसेस थ्रेलफॉल समुद्रकाठच्या बाकावर बसले होते. त्या चार पायांच्या वॉकरने हळूहळू आल्या होत्या. बूट तेच, डाव्या पट्टीला आता शिवण घातलेली. क्लिफर्डच्या जुन्या जागेवर लीड्सची एक बाई खेळ करत होती, पेटत्या कड्यांचा. चाळिशीची, दणकट, आवाज खणखणीत. तिने दोरी टाकली होती. क्लिफर्डची नजर पूर्ण वेळ खाली होती, दोरीला लागलेल्या बुटांवर.

"चांगलं करते," मिसेस थ्रेलफॉल म्हणाल्या. "पण कुठं काय होणार ते मला कळत नाही. अजून चार-पाच वेळा बघावं लागेल."

"कडं डाव्या हातात घेतलं की समजा आता सोडणार."

"सांगू नकोस रे! एवढं तरी राहू दे मला."

खेळ संपला. टाळ्या झाल्या. बाईने टोपी उचलली आणि पांगणाऱ्या लोकांमागे धावली, ते साहजिकच होतं, लोक पांगायला वेळ लागत नाही. मग ती कुणाशी तरी बोलत चहाच्या दुकानाकडे गेली. दोरी तिथंच पडून राहिली. वारा होता, आणि वाळूची पहिली बारीक रेघ तिच्या कडेला येऊन टेकली होती.

"उठू नकोस," मिसेस थ्रेलफॉल म्हणाल्या. "पाठ बघ तुझी. ती येईल आत्ता."

क्लिफर्ड उठला. एक हात कमरेवर ठेवून तो वाकला, थांबला, आणखी वाकला. दोरीचं टोक हाताला लागलं. मग तो अर्धगोलाच्या कडेने एकेक पाऊल चालत दोरी गुंडाळत गेला. पुरी गुंडाळून झाल्यावर त्याने ती बाईच्या पेटीवर ठेवली, आणि टोक आत खोचलं.

तो परत येऊन बसला. धाप लागली होती. मिसेस थ्रेलफॉल यांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि त्याच्यापुढं धरला.

"सॉरी," तो म्हणाला. "तुम्हाला थांबावं लागलं."

"बस आता," त्या म्हणाल्या. "झालं उचलून."